चुकत वाचणाऱ्या रिबकाबाई

रिबकाबाई गेल्याचं सांगायला त्यांचे यजमान दाऊदभाई स्वतः लोद गावातल्या आमच्या घरी आले. दारातच उभं राहून म्हणाले, "सकाळी गेली. झोपेतच." त्याला आता काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं रोज मनात येतं, पण लिहायला बसलं की सगळ्यात आधी आठवते ती लाज. माझी, माझ्या मुलीची, आणि त्यांचीसुद्धा...

मुंबईत रिबकाबाई मराठी शाळेत शिकवायच्या. इथे, आम्हा ज्यूंच्या या नव्या देशात आल्यावर त्यांच्या मोडक्यातोडक्या हिब्रूला शाळेत कोण विचारणार? संत्री पेट्यांत भरायच्या कामावर लागल्या. तेव्हा आम्ही पत्र्याच्या खोल्यांत शेजारी शेजारी राहत होतो. माझी मिर्याम नुकती शाळेत जाऊ लागली होती. एकदा वर्गात तिला उभं राहून वाचायला लावलं, ती अडखळली आणि सगळी मुलं हसली. तेव्हापासून पुस्तक दिसलं की ती तोंड फिरवायची. वर मला सांगायची, "आई, बसमध्ये मराठीत बोलू नकोस ना!" मग शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं, मुलीकडून घरी वाचून घ्या म्हणाल्या. मी मान हलवली. मुंबईला हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचून काढणारी मी, आणि इथे मला बसवरची पाटी लागत नव्हती. त्या बाईंच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येऊन हे रिबकाबाईंच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी कुणाकडून तरी मुलांच्या गोष्टींचं पुस्तक मागून आणलं, खोलीबाहेर पेटी उलटी टाकून बसल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या, "जंगलात एक रोव राहत होता..." हिब्रूत दोव म्हणजे अस्वल आणि रोव म्हणजे 'बहुसंख्य'. दोन्हींची पहिली अक्षरं दिसायला जवळजवळ सारखीच. जवळ खेळणारी मिर्याम फिस्सकन हसली. "रोव नाही, दोव!"

"कुठे? दाखव बरं." बाईंनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "आणि पुढं काय झालं गं त्या अस्वलाचं? मला लागत नाहीये, तूच वाच."

मिर्याम वाचू लागली. अडखळली, पण समोरची बाई तिच्याहून जास्त अडखळणारी. हसणार कोण?

हळूहळू वस्तीतली आणखी पोरं जमू लागली. आमची, मोरोक्कोकडची, इराकची. बाई वाचायच्या आणि पोरं चुका काढायची. उद्या आपल्याला चूक पकडता यावी म्हणून पुढची पानं आधीच वाचून ठेवायची, त्यासाठी पुस्तकावरून भांडायची. मला मात्र ते बघवत नसे. ज्यांच्यासमोर मुंबईत अख्खा वर्ग चिडीचूप बसायचा, त्यांच्यावर ही शेंबडी पोरं "लो! लो!", म्हणजे नाही, नाही, करून ओरडत. मी आत निघून जायची.

एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुम्ही मुद्दाम चुकता ना?"

"मुद्दाम कसली गं? खरंच येत नाही मला. रोज त्या पेटीवर बसताना कानशिलं तापतात माझी." मग म्हणाल्या, "पण मी लाजून गप्प बसले, तर पोरं तेच शिकतील. मग वाचतील कधी? आणि तू आत का पळतेस? उद्या तू वाचायचंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोरांच्या मधोमध बसवलं. घामानं हातातलं पान ओलं झालं. पहिल्याच ओळीला पोरं खिदळली. मिर्यामनं क्षणभर तोंड झाकून घेतलं... मग सरकत माझ्याजवळ आली आणि ओळीवर बोट ठेवून हळूच बरोबर शब्द सांगितला. मी तिच्यामागून म्हटला. हिब्रू मी अशी शिकले, स्वतःच्या लेकीसमोर चुकत चुकत.

मिर्याम आता माझ्या खांद्याला लागते. बाईंच्या घरचे शोकाचे दिवस संपले त्या आठवड्यात तिनं, मराठी अक्षरं जेमतेम ओळखणाऱ्या माझ्या लेकीनं, माझ्या ट्रंकेतून एक मराठी पुस्तक काढलं आणि ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. "धरात कोणी नव्हतं," तिनं वाचलं.

"घरात," मी म्हटलं.

तेवढ्यात तिच्या वर्गातली मैत्रीण समोर येऊन उभी राहिली. हे काय वाचतेस, असं हिब्रूत विचारू लागली. मिर्यामचे कान लाल झाले. मला वाटलं, आता पुस्तक मिटणार. पण तिनं मैत्रिणीला खुणेनंच बसायला सांगितलं, पुढच्या शब्दावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं, चुकीचा, वाचला.