सासऱ्यांना हवा होता एक जिवंत पक्षी

माझी बायको मला परत मिळावी म्हणून मला एका पक्ष्याचा फोटो काढावा लागला.

गोष्ट साठच्या दशकातली. शारजात तेव्हा वाळू होती, खाडी होती आणि आम्ही मूठभर कोकणी माणसं होतो. मी एका कंपनीत कारकून. बायको, जुलेखा, बाळंतपणाला रत्नागिरीकडे माहेरी गेली ती गेलीच! मुलगी रांगायला लागली, उभी राहिली, तरी सासरे दोघींना सोडेनात. त्यांचं एकच पालुपद : "जिथे कावळासुद्धा राहत नाही, तिथे माझी नात कशी राहील?" (त्यांचा सख्खा मुलगा कासिम माझ्याच खोलीत राहत होता. त्याची काळजी कोणालाच नव्हती!) माझं डोकं फिरलं. मी तावातावाने कळवलं की इथे पक्ष्यांचे थवेच्या थवे असतात. उत्तर आलं : "एकाचा फोटो पाठवा. जिवंत पाहिजे. मग मुलगी पाठवतो."

कॅमेरा होता कासिमकडे. डब्बा कॅमेरा, रोलमध्ये आठ फोटो. शुक्रवारी पहाटे कंपनीची लँडरोव्हर घेऊन आम्ही वाळवंटात एका विहिरीजवळ गेलो. तिथे उंटांच्या हौदावर पाणी प्यायला पक्षी येतात असं ऐकलं होतं.

"रोलमध्ये किती फोटो उरलेत?" मी विचारलं.

"दोन."

"दोन? बाकीचे सहा?"

"माझे काढलेत, भाऊजी. अम्मीला पाठवायला. मुलगी बघायची म्हणते ना!"

मी त्याला तिथेच पुरला असता, पण लँडरोव्हर त्यालाच चालवता येत होती.

माणूस दिसला की पक्षी जवळ येत नाही आणि डब्बा कॅमेऱ्यात लांबचा पक्षी म्हणजे टाचणीचं डोकं. म्हणून मी एक युक्ती काढली. हौदाजवळ वाळूत पालथा झोपलो, अंगावर पांढरी चादर पायापासून डोक्यापर्यंत ओढली आणि कॅमेऱ्याचा तेवढा डोळा बाहेर ठेवला. कासिमला बजावलं, "गाडीपाशी बस. हलू नकोस, बोलू नकोस." त्याला नेमकी सर्दी झालेली. तो मान खाली घालून, रुमालाने नाक पुसत बसला.

ऊन चढलं. चादरीखाली मी भाकरीसारखा भाजून निघालो. आणि तेवढ्यात तो आला! हुबारा! आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊच म्हणा ना. ऐटीत एकेक पाऊल टाकत हौदाकडे येत होता. अजून थोडा पुढे आला की जुलेखा बोटीत बसलीच!

मागे उंटांचे पाय वाजले. कोणीतरी मयताला म्हणतात ते हळहळत म्हणालं, "इन्ना लिल्लाह..."

आता वाळवंटात अडलेला माणूस दिसला की बदू, म्हणजे तिथले भटके लोक, मदत केल्याशिवाय पुढे जात नाहीत. यांना काय दिसलं? पांढऱ्या चादरीखाली एक आडवा माणूस आणि मागे गाडीपाशी नाक पुसणारा दुसरा!

"सबर करो, हबीबी," एक म्हातारा कासिमला सांगत होता. (मुंबईच्या व्यापारामुळे या लोकांना हिंदी थोडंफार येतं.) "कौन था?"

आणि हा गाढव! मी 'बोलू नकोस' म्हटलं होतं ना! त्याने बोलायचं नाही म्हणून नुसतं माझ्याकडे बोट केलं आणि परत नाक पुसलं.

"यल्ला!" म्हातारा आपल्या माणसांना म्हणाला. मागे वाळू उपसल्याचा आवाज सुरू झाला. माझी कबर खणत होते! मी आतल्या आत पेटलो होतो, पण हुबारा अजून दोन पावलं पुढे आला होता. ओरडलो तर पक्षी जाणार, गप्प राहिलो तर मी! मी गप्प राहिलो. बायकोसाठी माणूस आणखी काय करतो?

तेवढ्यात म्हाताऱ्याने माझं तोंड किबल्याकडे, मक्केच्या दिशेला करायला म्हणून मोठ्या मायेने मला खांद्याला धरून वळवलं.

"अरे, जिवंत आहे मी!"

उंट उधळले, माणसं पळाली, दचकून माझं बोट बटणावर पडलं आणि आभाळाचा एक सुरेख फोटो निघाला. हुबारा केव्हाच दिसेनासा झाला होता. मी चादरीसकट उभा राहून कासिमला, त्याच्या सर्दीला आणि त्याच्या अख्ख्या खानदानाला शिव्या देत सुटलो. (खानदानात माझी बायको येते, हे नंतर लक्षात आलं.)

म्हाताऱ्याला सगळा प्रकार कळला तेव्हा तो पोट धरून हसला. मग आपल्या एका माणसाच्या हातावरचा शिकारीचा ससाणा घेऊन पुढे करत म्हणाला, "परिंदा मांगता? ये लो!" अंगावरच्या चादरीचं टोक माझ्या मनगटाला गुंडाळून त्याने ससाणा त्यावर बसवला. नख्या चादरीतून थेट हाडापर्यंत पोचल्या.

"भाऊजी, जरा हसा!" कासिम कॅमेऱ्यात डोकावत म्हणाला.

"दाब, नालायका, दाब!"

त्याने दाबलं. रोल खलास. पुढे फोटो धुऊन आला तो कासिमने मला न दाखवता परस्पर पोस्टात टाकला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पण खरोखरच काही महिन्यांनी जुलेखा मुलीला कडेवर घेऊन धक्क्यावर उतरली!

"बघ! आवडला ना अब्बांना पक्षी?" मी छाती फुगवून विचारलं.

"कुठला पक्षी?" तिने पिशवीतून फोटो काढला. फोटोभर मीच होतो. वाळूने माखलेला, केस उभे, डोळे बाहेर, तोंडाचा आ वासलेला, अंगावर चादर. कडेला ससाण्याचे दोन पाय तेवढे आले होते, वरचा पक्षी कासिमने कापला होता!

"अब्बा म्हणाले, हा प्राणी जिथे जगतोय, तिथे माझी नात खुशाल जगेल."

माझा संताप मस्तकात गेला. "कासिम!" मी धक्क्यावर असा काही ओरडलो की हमाल थांबले. बापाला पहिल्यांदाच पाहणारी माझी लेक मात्र घाबरली नाही. तिने मला नीट निरखलं, आजोबांनी पक्षी दाखवायला शिकवलेलं बोट माझ्याकडे केलं आणि आनंदाने ओरडली,

"काऊ!"