माझ्या पाठीवरचे दहा चौकोन

माझ्या पाठीवर काय उमटले होते, याविषयी आमच्या गावात आज तीन हकिकती सांगितल्या जातात. एक माझ्या धाकट्या भावाची. ती चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. दुसरी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंची. ती छापून आली आहे. तिसरी वडवणीच्या बाजारातल्या मेंढ्यांच्या व्यापाऱ्याची, आणि ती ऐकून लोक हसतात. तिन्ही चुकीच्या आहेत. पाठ माझी होती. ती मला स्वतःला दिसत नव्हती हे खरे, आणि नेमका याच गोष्टीचा तिघांनी फायदा घेतला. म्हणून हे लिहितो.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणारे. मी शिकलो, शिक्षक झालो, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवशी काठी घेऊन कळपामागे निघालो. भाऊ सांगतो की निवृत्तीनंतर माझा वेळ जाईना म्हणून मी मेंढरांत रमलो. हे धादांत खोटे आहे. मधली सगळी वर्षे मी वेळ जावा म्हणून नोकरी केली, असे कोणी म्हटले तर ते सत्याच्या अधिक जवळ जाईल.

दुखण्याची सुरुवात पापण्यांपासून झाली. त्या सुजल्या. मग मान, कानामागची बाजू, कोपरांच्या घड्या. कातडी जाड आणि काळी होत गेली. जुन्या वहाणेच्या तळव्याला पडाव्यात तशा भेगा तिला पडल्या. खाज अशी सुटे की घास हातात तसाच राही. थंडीत उतार पडे आणि पुढच्या पावसाळ्यात दुखणे दुपटीने परत येई. दोन वर्षे मी मेडिकलच्या दुकानातून मिळेल ती ट्यूब चोळली. हे शहाणपणाचे नव्हते, आणि त्याबद्दल माझे कोणाशी भांडण नाही.

भांडण आहे ते कपावरून. टपरीवाल्याने बाकीच्यांना काचेच्या ग्लासात आणि मला कागदी कपात चहा द्यायला सुरुवात केली.

"कावून रे, मलाच कागद?" मी विचारले.

"गुरुजी, तुमाला स्पेशल हाय," तो म्हणाला, आणि बाकावरचे दोघे थोडे सरकून बसले.

कुष्ठरोगाचा धडा या माणसाला मीच शिकवला होता. चट्टा फिकट आणि बधिर असतो, आणि शेजारी बसून चहा प्यायल्याने तो रोग कोणाला होत नाही, हे मी त्याच्याकडून पाठ करून घेतले होते. मी बायकोची सुई मागवून घेतली, सर्वांसमोर हाताच्या काळ्या कातडीत टोचली, "आई गं" असे मोठ्याने म्हणालो आणि कप त्याच्या हातात परत दिला. भाऊ सांगतो की मी कप फेकला. फेकला नाही. दिला.

भावाचे मत ठरलेले होते. "दादा, हे मेंढरांमुळंच हाय. लोकर बाधती तुमाला. मी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार, मागं तुमी हे आसं अंग घेऊन एकटे. इकून टाकू समदी." त्याने व्यापाऱ्याशी बोलणेही करून ठेवले होते. त्याची काळजी खरी होती हे मी त्या वेळी मान्य केले नाही. आजही अर्धेच करतो. मी म्हणालो, "पुरावा आण, मग विक." कळप निम्मा त्याचा होता, निम्मा माझा; पण माझे सगळे आयुष्य त्या निम्म्यात होते.

पुरावा मिळण्याची जागा एस.टी.ने चार तासांवर होती. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात एक तरुण डॉक्टरीणबाई शेतात आणि रानात राबणाऱ्यांच्या त्वचारोगांची कारणे शोधत होत्या. त्यांनी कापसाने आणि टाचणीने माझी संवेदना तपासली, पात्याने थोडी कातडी खरवडली, ती काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि म्हणाल्या, "कुष्ठरोग नाही. बुरशीही नाही. अ‍ॅलर्जी दिसतेय, बाबा. कशाची, ते तुमच्या पाठीला विचारावं लागेल."

"बाबा नाही. गुरुजी म्हणा."

"बरं, गुरुजी. मग परीक्षेला बसा. रोज ज्याला ज्याला हात लागतो ते सगळं थोडं थोडं घेऊन या."

मी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांत नमुने भरले आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नाव घातले. लोकर, घोंगडीचा तुकडा, घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ, गोचिडाचे औषध, युरिया, गेरू, डोक्याचे तेल, अंगाचा साबण आणि दोन वर्षे चोळलेली ट्यूब. बाईंनी पाकिटे टेबलावर मांडली, अक्षराची स्तुती केली आणि विचारले, "आणि ते रस्त्याकडेचं, पांढऱ्या फुलांचं?"

"गाजर गवत? ते मेंढरू खात नाही."

"मेंढरू खात नसेल. पण तुम्ही त्यातून चालता ना?"

भाऊ सांगतो की यावर मी अर्धा तास वाद घातला. फार तर दहा मिनिटे. मात्र इथे माझी चूक झाली होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रान पाहताना आमची नजर मेंढराच्या तोंडाने पाहते. चारा दिसतो, काटा दिसतो, विषारी पाला दिसतो. मेंढरू ज्याला तोंडही लावत नाही आणि ज्याने मरतही नाही, ते आम्हाला दिसतच नाही. कमरेइतक्या वाढलेल्या त्या गवतातून मी रोज जात होतो आणि माझ्या लेखी तिथे काहीच उगवलेले नव्हते. सुदैवाने त्या गवताचा अर्क बाईंकडे तयार होता.

पाठीवर चिकटपट्टीने दहा बारीक चकत्या लावल्या गेल्या, पाच-पाचच्या दोन ओळींत. प्रत्येकीखाली एक संशयित. भोवती निळ्या शाईने चौकोन आखले. दोन दिवस आंघोळ नाही, घाम येईल असे काम नाही. मी दर वर्षी मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करतो आणि ती मान वळवून काय पाहू बघतात याचा कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी टेबलावर पालथा पडून मीही मान वळवून पाहिली. काही दिसले नाही.

भावाशी आधीच ठरवले होते: पाठ जे सांगेल ते दोघांनी ऐकायचे. अट मीच घातली होती.

दोन दिवसांनी पट्टी काढली तेव्हा बायकोने माझा सदरा वर धरला होता आणि भाऊ मागे उभा होता. "काय आहे?" मी विचारले. भाऊ म्हणाला, "लोकरीचा लाल हाय, दादा." बाई म्हणाल्या, "दोन लाल आहेत. गवताचा जोरात, लोकरीचा थोडा. आणखी दोन दिवस थांबू. लोकर नुसती टोचल्याची लाली असेल तर तोवर उतरेल." मला फक्त दोन जागी आग होत असल्याचे कळत होते; कोणती आग कोणाची, हे दुसऱ्यांनी सांगायचे.

लोकरीची लाली उतरली नाही. गवताच्या चौकोनात तर फोड आले. बाईंनी पाठीचे छायाचित्र घेतले. भावानेही आपल्या फोनवर घेतले आणि व्हरांड्यात जाऊन व्यापाऱ्याला पाठवले. व्यापाऱ्याची हकिकत इथून सुरू होते. तो सांगतो की त्याने उलट फोन करून विचारले, "बे, ही मास्तरची पाठ हाय का सातबारा? मेंढरं इकायला पाठीचा उतारा कावून लागतोय?" हे तो खरोखर म्हणाला असेल. पण पुढे तो सांगतो की मी भावाचा फोन हिसकावला आणि त्याला शिव्या दिल्या. मी त्या वेळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसलो होतो. अट माझी होती. कळप जाणार होता. शिव्या देण्याइतके बळ असते तर मी आनंदाने दिल्या असत्या.

थोड्या वेळाने मी उठलो, आत गेलो आणि म्हणालो, "तीच लोकर धुऊन लावून पाहा."

बाईंनी माझी नोंद पुन्हा उघडली. "लोकरीचा दोष, की लोकरीत अडकलेल्या गवताच्या धुरळ्याचा, असं म्हणताय?"

"तसेच."

"कसं सुचलं तुम्हाला?"

"बाई, मी पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे."

अंग शांत होण्यासाठी तीन आठवडे जाऊ द्यावे लागले. भावाने कुरकुर करत व्यापाऱ्याला थांबवले. दुसऱ्या खेपेला बाईंनी धुतलेली लोकर, न धुतलेली लोकर आणि गवताचा अर्क असे तीनच संशयित घेतले. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "आता तुमचीही पाठ द्या."

"माझी? माझी कावून? मला काय झालंय?"

"काही झालं नाही, म्हणूनच पाहिजे. न धुतलेली लोकर कोणाच्याही अंगावर लाली आणते का, ते कळायला नको?"

भावाने सदरा काढला. दोन दिवस आम्ही दोघे भाऊ रुग्णांच्या नातेवाइकांच्या शेडमध्ये पाठीला पट्ट्या लावून शेजारी शेजारी पालथे पडलो होतो. लहानपणी गोवराने आजारी पडलो होतो, त्यानंतर इतका वेळ आम्ही एकत्र घालवला नव्हता. "दादा, तुमचं खाजतंय का?" तो विचारी. "तुझं?" मी विचारी. त्याचे खाजत नव्हते. तो जरा खट्टू झाला असे मला वाटले.

भावाची पाठ कोरी निघाली. माझ्या पाठीवर गवताचा चौकोन पेटला होता, न धुतलेल्या लोकरीचा लाल होता आणि धुतलेल्या लोकरीचा स्वच्छ.

हे इतके स्पष्ट असूनही भाऊ आजतागायत सांगतो, "लोकरीनंच झालं, मी आधीच म्हणलो हुतो." लोकर निर्दोष होती. मेंढरे गाजर गवतातून जात, त्याचा वाळका भुगा आणि फुलांची पूड अंगावर घेऊन येत, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवी. मेंढराने पाहुणा घरी आणला म्हणून पाहुण्याचा गुन्हा मेंढराचा होत नाही. व्यापाऱ्याला नकार भावानेच कळवला, ही मात्र त्याची बाजू मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

मी बरा झालो, असेही गावात सांगतात. बरा झालेलो नाही. हे दुखणे मुळापासून जात नाही. गवत टाळले तर निवते. त्याला फुले येण्याआधी भाऊ हातमोजे घालून आमच्या वाटेवरचे गवत उपटतो. फुलांच्या दिवसांत कळपामागे मी जात नाही. कातरणीआधी मेंढरे ओढ्यात धुतली जातात, आणि कातरायला मी बसत नाही. उरलेल्या महिन्यांत कळप माझा असतो. टपरीवाल्याने आता सगळ्यांनाच कागदी कप सुरू केले आहेत. ग्लास विसळायचा त्याला कंटाळा येतो. मी त्याला मुद्दाम काचेचा ग्लास मागतो.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी आपला छापून आलेला लेख पाठवला. इंग्रजी मला येते. त्यात रुग्णाला "शेतमजूर" म्हटले आहे, ही पहिली चूक. आणि धुतलेली व न धुतलेली लोकर वेगवेगळी तपासावी असे "आमच्या लक्षात आले", असे लिहिले आहे. आमच्या म्हणजे कोणाच्या? मी त्याच दिवशी हरकतीचे पत्र लिहायला घेतले. दोन पाने भरली. तिसऱ्या पानावर पुराव्यासाठी लेखातल्या छायाचित्राचा उल्लेख करायचा म्हणून ते उलगडून नीट पाहिले.

माझी पाठ मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. म्हाताऱ्या माणसाची, हाडे वर आलेली पाठ. तिच्यावर दहा निळे चौकोन, दोन लाल. चेहरा नाही. उजव्या कडेला मात्र गुंडाळलेला सदरा आहे, आणि तो वर धरणारी चार बोटे आणि दोन हिरव्या बांगड्या. ती बोटे कोणाची हे त्या लेखात कुठेही लिहिलेले नाही.

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो, असे वर लिहिले आहे. एकटा बसलो होतो असे लिहिलेले नाही. बायको माझ्या सदऱ्याची बटणे लावत होती. ती म्हणाली, "लोकर कसली दिली हुती तुमी? धुतलेली?"

"नाही. अंगावरची कातरून."

"मग ती लोकर न्हाई. रान हाय समदं. पाण्यातनं काढल्याबिगर मी तरी चरख्याला लावत न्हाई. तळाला काय काय बसतंय, या एकदा बघायला."

आयुष्यभर ती लोकर धूत आणि कातत आली, आणि बघायला मी एकदाही गेलो नव्हतो. त्यानंतर मी उठून आत गेलो आणि मघाशी सांगितले ते बोललो. पस्तीस वर्षांच्या विज्ञानाचे वाक्यही मीच बोललो. बायको दारातच उभी होती. तिने ते ऐकले, आणि आजपर्यंत त्याविषयी अवाक्षर काढलेले नाही.

दोन पाने फाडली. नवे पत्र लिहिले: ही गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही, माझ्या पत्नीच्या आली, ती लोकर तीन पाण्यांतून काढते, म्हणून तिला ठाऊक होते, पुढच्या छपाईत तशी दुरुस्ती करावी. मग ते तिला वाचून दाखवले. ती अंगणात टोपल्यात लोकर दाबत होती.

"चार," ती म्हणाली.

"काय चार?"

"चार पाणी. तीन पाण्यात निघत न्हाई ते. लिव्हायचंच आसंल तर नीट लिव्हा."

मी घरात जाऊन तीनचे चार केले.