मोनालीचा अल्बम आणि निरंजनचे कान

निरंजन देवपुजारी समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासतो. वडील रेल्वेत होते. भंडाऱ्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून निरंजन ऑडिऑलॉजी शिकला. कोणी विचारलं तर तो हे सांगतो, आणि नाही विचारलं तरी सांगतो.

त्याच्याकडे येणारे निम्मे लोक उरला औद्योगिक वसाहतीतल्या, दिवसभर खडखडणाऱ्या रोलिंग मिलमधले. "ऐकू येतं का?" म्हटलं की ते "हव" म्हणतात. तोंडासमोर कागद धरून तेच विचारलं की काहीच म्हणत नाहीत. बरीच वर्षं हे पाहून त्याचा कुठल्याही मोठ्या आवाजावरचा विश्वास उडाला. घरी टीव्ही इतका हळू, की बायको अर्चना मालिका ओठांवरून समजून घेते. वरातीत तो डीजेच्या गाडीपासून दोन घरं मागे चालतो. मेहुण्याच्या वरातीतही तसाच चालला, आणि ते सासरी अजून कोणी विसरलेलं नाही.

मोनाली शेंडे आली ती कानाला काही झालं म्हणून नव्हे. नव्या रायपुरात सरकारी कार्यालयात नोकरी करणारी, शांत, अदबीने बोलणारी मुलगी.

"काही होऊ नये म्हणून आले, सर. मैं बैंड में गाती हूँ."

तिचे कान उत्तम निघाले. असा पेशंट निरंजनने पाहिला नव्हता. त्याने खूश होऊन विचारलं, "काय गाता?"

"सिम्फॉनिक ब्लॅक मेटल."

मग तिने समजावून सांगितलं. व्हायोलिनं असतात, कोरस असतो, त्यावर फार वेगात ड्रम आणि गिटार, आणि त्या सगळ्यावर ती किंचाळते.

"रागावून?"

"नाही सर. तालात."

निरंजनच्या मते व्हायोलिनला यात ओढायचं काही कारण नव्हतं. पण मुलीने तपासणीच्या साउंडप्रूफ खोलीकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, ये कमरा संडे को खाली रहता है क्या?" ब्राह्मणपाऱ्यातल्या तिच्या घरी रेकॉर्डिंग केलं की त्यात देवळाची घंटा नाहीतर स्कूटर येत होती. दवाखान्याच्या मालक डॉक्टरसाहेबांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. निरंजनने एकच अट घातली: मधून मधून कोमट पाणी प्यायचं आणि घसा दुखला की थांबायचं.

रविवारी तो त्या खोलीच्या काचेबाहेर पेपर वाचत बसला. आत मोनाली माईकसमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या, गुडघे वाकले. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. खोली चांगली बांधलेली होती.

अर्चना डबा घेऊन आली ती दारातच थांबली. "अहो, हिले काय झालं?"

"गाणं म्हणून राहिली."

"आणि तुम्ही पेपर वाचून राहिले?"

आत मोनाली थांबली, फुलपात्रातलं पाणी प्यायली, अर्चनाकडे पाहून तिने नमस्कार केला आणि पुन्हा किंचाळायला लागली.

पावसाळा उलटल्यावर तिने अल्बम पाठवला. सोबत निरोप होता, "सर, शुरू से सुनिएगा, बीच से नहीं." तिच्या आईचं गाव धरणात गेलं होतं, त्याच्यावर हा अल्बम होता. निरंजनने जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावले. दोन गाणी ऐकायची, अभिनंदन कळवायचं आणि पोळी खायची, असा त्याचा बेत होता. रोलिंग मिलसारखाच खडखडाट ऐकू येणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

सुरुवातीला फक्त व्हायोलिनं होती, खालच्या सुरात, पाणी चढावं तशी चढत जाणारी. मग ड्रम आले. त्याने घाईने आवाजाची पातळी तपासली. ती होती तेवढीच होती. जे मोठं झालं होतं ते आवाजाने झालं नव्हतं. एवढ्या गर्दीत एकेक वाद्य त्याला वेगळं ऐकू येत होतं. कोणी कोणाला झाकत नव्हतं. आणि मग त्याने काचेतून पाहिलेलं ते उघडं तोंड त्याला पहिल्यांदा ऐकू आलं.

शब्द त्याला कळले नाहीत. पण एका ठिकाणी तिचा श्वास संपला, किंचाळी तुटली आणि ती जिथे तुटली तिथूनच व्हायोलिनांनी ती उचलून पुढे नेली. व्हायोलिनं इथे काहून आहेत, ते त्याला कळलं. डोळ्यांत पाणी आलं. हेडफोनचा पट्टा फार घट्ट आहे का, हे त्याने तपासलं. नव्हता.

रिसेप्शनवरची श्रावणी दोनदा बोलवायला आली. त्याने हाताने थांब म्हटलं आणि अल्बम संपेपर्यंत थांबवलंच. बाहेर बसलेल्या पेशंटला तिने काय सांगितलं ते त्याने विचारलं नाही.

घरी त्याने अर्चनाला ऐकवलं. ती भाजी निवडत होती, निवडायची थांबली. संपल्यावर म्हणाली, "भीती वाटते. पण बंद करावं नाही वाटलं."

मोनालीला निरोप लिहून त्याने दोनदा पुसला. शेवटी लिहिलं: "पूर्ण ऐकलं. सुरक्षित पातळीवर. माझा अंदाज चुकला होता." थोड्या वेळाने आणखी एक ओळ पाठवली: "चौथं गाणं लवकर संपतं."

"सर, वो आठ मिनट का है," तिचं उत्तर आलं.

डिसेंबरात बँडचा कार्यक्रम झाला. निरंजन आणि अर्चना सगळ्यात मागे, दाराजवळ उभे राहिले. त्याने पिशवीभर फोमचे इअरप्लग नेले होते आणि दारात काळे टी-शर्ट घातलेल्या पोट्ट्यांना तो ते एकेक जोडी वाटत होता. बऱ्याच जणांनी "थँक यू अंकल" म्हणून घेतले. स्वतःच्या कानांतलेही त्याने नीट बसवले. चौथं गाणं सुरू झालं तसा त्याने उजव्या कानातला काढला, मुठीत धरला आणि गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला.