गाडीच्या फार आधीची घंटा

“धावा गो धावा, गाडी आली!”

टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर दांडा हाणत तो असा ओरडायचा. गाडी कुठे होती म्हणाल, तर देव जाणे. सिग्नलसुद्धा पडलेला नसायचा.

साठच्या दशकात बोईसरच्या बाजूला एका लहानशा स्टेशनवर मी तिकीटबाबू होतो आणि तो पोर्टर. गाडीने मागचं स्टेशन सोडलं की घंटा, असा नियम. हा गृहस्थ मनाला येईल तेव्हा वाजवी. घिवलीकडून टोपल्या घेऊन येणाऱ्या कोळणी स्टेशनामागच्या चिंचेखाली बसत आणि एकदा बसल्या की उठत नसत, हे त्याचं कारण. पुढे त्यांना याची लबाडी कळली. घंटा झाली म्हणजे अजून एक चहा आणि एक भांडण होतं, असा हिशेब त्यांनी बसवला. मग यानं घंटा आणखी अलीकडे ओढली. बायांनी दुसरा चहा सांगितला. तुमच्याआमच्या घरांतही नवराबायकोचं असंच चालतं, उगाच हसू नका.

एकदा तारापूरच्या बांधकामावरचा एक साहेब घंटा ऐकून बुटाच्या नाड्या न बांधताच धावत सुटला. मग नाकाला रुमाल लावून सुक्या बोंबलांच्या टोपल्यांशेजारी बसून राहिला. साहजिकच तक्रार झाली. स्टेशनमास्तरांनी याला बोलावून झापलं.

हा शांत. “मास्तर, गाडी टायमावर येते, मानसं नाय येत. कुनीतरी दोघांची गाठ घालाय नको?”

मास्तर हसू दाबत म्हणाले, “जा तू.” मला तर तो माणूस त्या दिवसापासून फारच आवडायला लागला.

निवृत्त झाला तेव्हा क्वार्टर सोडून उंबरगावला लेकीकडे राहायला निघाला. आदल्या दिवशी चिंचेखाली जाऊन म्हणाला, “जल्मभर मी तुमाला गाडीत बसवलं. उद्या तुमी सगल्या मला बसवाय या. मंग मी सुखानं जाईन.”

“येतो रे बाबा!” थोरली कोळीण म्हणाली. “हार घालून नवऱ्यावानी सजवू तुला!”

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी धंदा बुडवून सगळ्या आल्या. चिंचेखाली हार ओवत बसल्या. हा नवा सदरा घालून फलाटावर ट्रंकेवर बसला होता. घंटेपाशी नवा पोर्टर होता, नियमाचा पक्का.

घंटा झाली. चिंचेखालून हसण्याचे आवाज येतच राहिले. यानं सहज मान वळवली, तर सिग्नल पडलेला.

“बाबू,” तो ताडकन उठला, “ही घंटा खरी हाय!”

त्यानं तोंडाशी हात धरून हाक घातली, “धावा गो धावा, गाडी आली!”

“चल रे!” पलीकडून थोरलीचा आवाज आला. “आमाला म्हाईत हाय तुजी गाडी!”

त्याचा चेहरा पाहवेना. मी चिंचेकडे धावलो, पण तोवर इंजिन फलाटात शिरलं होतं. बाया उठल्या, धडपडत फलाटावर आल्या, तेव्हा गाडी हलली होती. थोरली सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या हातातून अर्धवट ओवलेल्या हाराची फुलं फलाटभर सांडत होती.

तो दारात उभा होता. डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू. जन्मात पहिल्यांदाच त्यानं त्यांना घाई केली नाही.

“सावकास या गो!” गाडी लांब जाईपर्यंत तो ओरडत होता. “सावकास या! अजून टाइम हाय!”