बोयाला वळसा

बोर्डीच्या समुद्रात शिडाच्या होड्यांची शर्यत होती. तरंगत्या बोयाला वळसा घालताना आतल्या होडीला बाहेरच्याने जागा द्यायची, असा नियम. आत मी होतो. बाहेर माझा थोरला चुलत भाऊ. चिकूच्या वाडीतून माझ्या घराकडे जाणारी वाट काटेरी तार ठोकून बंद करणारा, तोच. बोया अगदी जवळ आला, तरी त्याची होडी माझ्या अंगावर येतच होती. तार लागल्यापासून आमचं बोलणं बंद. माझं डोकं सणकलं. जीव खाऊन ओरडलो, "दादा, जागा दे!"

त्याने झटकन सुकाणू फिरवून ऐसपैस जागा दिली. किनाऱ्यावर चारचौघांत छाती फुगवून म्हणाला, "नियम म्हणजे नियम!"

संध्याकाळी मी त्याच्या तारेखालून सरपटत घरी गेलो.