धरणाच्या काठावर मुलगी दाखवली

माझ्या नातीला घरात पोह्यांची ताटली घेऊन पाहुण्यांसमोर यायचं नव्हतं. "मी काय भाजी आहे का, उलटून बघायला?" म्हणाली. तेव्हा सुनेनेच काढलं, की दोन्ही घरं मिळून धरणाच्या काठावर कॅम्पला जाऊ, एक रात्र तंबूत राहू, पोरं आपसूक बोलतील.

सुनेच्या मनात वेगळंच होतं. नातीचा डावा पाय लहानपणी मोडलेला, थोडी लंगडते. हे सुनेने मुलाकडच्यांना सांगितलं नव्हतं. कॅम्पला लोक खुर्च्या टाकून पाण्याकडे बघत बसतात, तिथे चालायला कोण सांगणार, असं तिला वाटलं. खारघरहून निघताना लिफ्टमध्ये मला बजावलं, "आई, पायाचं काही काढू नका हं."

आम्ही आधी पोहोचलो. सुनेने नातीला खुर्चीत बसवलं आणि चहा हातात आणून दिला. एरवी पाणीसुद्धा देत नाही. मग खांदेश्वरहून मुलगा आणि त्याची आई आली. बाई बोलायला गोड. जागा चांगली होती, पाणी हलत नव्हतं. उतारावर मात्र सगळे दगड.

ऊन उतरल्यावर बाई नातीला म्हणाली, "जा ना गं पाण्यापर्यंत. छान उजेड आहे, व्हिडिओ काढते."

मी ओळखलं. मला बघायला आले तेव्हा ओसरीच्या टोकाहून पाण्याचा तांब्या आणायला लावला होता. आता मोबाईल आला, एवढंच.

"नको, तिकडे डास आहेत," सून म्हणाली.

"डास इथेही आहेत," मी म्हणाले. "ताई, तिचा पाय लहानपणी मोडला होता. लंगडते ती. बघायचं तर बघा, व्हिडिओ कशाला?"

सुनेचं तोंड उतरलं. नात तिला म्हणाली, "मम्मी, तू सांगितलंच नव्हतंस?" मग उठली, दगडांतून सावकाश पाण्यापर्यंत गेली आणि परत आली. बाईने मोबाईल खाली ठेवला. मुलगा शेगडीवर कणसं भाजत होता. त्याने मान वर केली नाही.

सकाळी नाश्त्याला बाई म्हणाली, "आमची काही हरकत नाही हो. एवढ्याशा गोष्टीचं काय!" सुनेचे डोळे भरून आले.

"काकू, माझी हरकत आहे," नात म्हणाली. "पायाचं मी याला फोनवर आधीच सांगितलं होतं. काल तुम्ही मला चालायला लावलंत, तेव्हा हा कणसं भाजत बसला. 'आई, राहू दे' एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं."

"मला वाटलं, आईने स्वतः बघितलेलं बरं," तो म्हणाला.

"बघितलं ना? झालं मग."

ती माणसं लगेच निघाली. सून माझ्यावर उखडली. "तुमच्यामुळे झालं हे."

"माझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे. पोहे खा."

तिने ताटली बाजूला सारली. मी खाल्ले. मीठ कमी होतं.

नात म्हणाली, आलोच आहोत तर होडीत बसते. सून तंबूत तोंड फिरवून बसली होती. होडी काठ सोडून थोडी पुढे गेली तशी ती बाहेर आली, पार पाण्यापर्यंत गेली आणि ओरडली, "अगं, जॅकेटचा पट्टा लाव नीट!"