तब्येत सुधारली

माणूस जाड झालं की आपण म्हणतो, तब्येत सुधारली. हे कोणी सुरू केलं देव जाणे, पण काळाचौकीच्या अक्षदा घाडीगावकरला ते शब्द ऐकले की आता मस्तकात तिडीक जायची.

दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. परळच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. केमोने माणूस काडी होतं असं अख्खी चाळ सांगत होती. हिचं उलटंच. केमोबरोबरच्या स्टेरॉइडने भूक खवळली, मग रोजच्या हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि घरात बसून हालचाल बंद. चौदा किलो वाढले. पुढे केस परत आले, तोंडाची चव परत आली, पण अंग काही परत येईना. आरशात बघितलं की तिला वाटायचं, ही कोण बया? आणि नेमक्या त्याच दिवशी जिन्यात शेजारच्या कमलाबाई हात धरून म्हणणार, चांगली तब्येत सुधारली हो तुझी. आता ह्यावर काय बोलणार, कपाळ! हसायचं आणि आतल्या आत जळफळायचं.

नुसतं दिसण्याचं असतं तर तिने सोडूनही दिलं असतं. पण मागच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. रिपोर्ट चांगले आहेत, पण वजन असंच राहिलं तर आजार उलटायची भीती वाढते, तेव्हा मनावर घ्या. अक्षदाने मनावर घेतलं. जगायचं होतं तिला. मुलगी आकांक्षा अजून बारावीत होती.

पण घरात रमाबाई होत्या, तिच्या सासूबाई. मालवणकडच्या, गिरणीकामगाराची बायको म्हणून ह्याच खोलीत जन्म काढलेल्या. सुनेच्या आजारपणात ओकारीची बादली त्यांनी उचलली, टकलावर खोबरेल त्यांनी चोळलं. त्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही चोरी. आणि चिडू नये तर काय करावं? एक भाकरी मागितली की दोन यायच्या. डिंकाचे लाडू डब्यात घालून उशाशी ठेवलेले. तिने भात सोडला तर पेज आली, आणि पेजेत तळाशी दडवलेलं तूप. नवरा दीपक दोघींच्या मधे अडकलेला. खा ना थोडं, आईला बरं वाटतं, म्हणायचा. आईला बरं वाटावं म्हणून मी मरू का, हे तिच्या अगदी ओठांवर यायचं.

सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला जायची. गोळ्यांनी सांधे असे धरलेले की पहिली फेरी रडतच व्हायची. तिच्या आईच्या वयाच्या बायका गप्पा मारत तिला मागे टाकून जायच्या. घरी येऊन वजनकाट्यावर उभी राहिली की आकडा जिथल्या तिथे. मेला बिघडलाय की काय म्हणून तिने आकांक्षालाही त्यावर उभं करून बघितलं. काटा चांगला होता.

मग भर पावसाळ्यात आकडा हलला. एक किलो, दोन, आणि गणपतीच्या तोंडावर चक्क चार. नेहमीचा ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. अक्षदाने हरखून तो सासूबाईंना चिमटीत धरून दाखवला. रमाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. रोडावलंस गो, एवढंच पुटपुटून त्या आत गेल्या.

चार दिवसांनी गावाहून चुलतदिराचा फोन आला. तो भाबडेपणाने सांगून बसला, की वहिनी, काळजी करू नका, काकीने सांगितल्याप्रमाणे देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सुनेचं अंग पुन्हा भरू दे म्हणून गुरवाने नीट बोलून मागितलंय.

अक्षदाचा पारा चढला तो उतरेचना. म्हणजे ही इथे गुडघे झिजवतेय, आणि तिकडे देवाला सांगताहेत की हिला परत जाड कर! फोन आपटून ती सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. उपाशी राहून, रडून, सगळ्यांची बोलणी खाऊन उतरवलेलं वजन, आणि त्याचं हे. जे तोंडाला येईल ते बोलली. लाडवांचं बोलली, तुपाचं बोलली. शेवटी आवाज चिरकला.

"मी मरत नाहीये, आई. मी बारीक होतेय."

रमाबाईंनी वर बघितलं नाही. निवडत होत्या ते तांदूळ तसेच मांडीवर.

"तेव्हा पण तू ह्याच सांगललंस," त्या म्हणाल्या. "आई, बघा, मी बारीक होतंय. हसान सांगललंस. आणि मी येडी, चाळीत सगळ्यांका दाखवत फिरलंय, सून बघा कशी शिडशिडीत झाली."

खरंच होतं ते. गाठ कळायच्या आधीचे ते महिने. काही न करता वजन उतरत होतं, आणि ती खुशीत होती. दादरला जाऊन तिने मापाने लहान असे दोन कुर्ते घेतले होते. हे ती स्वतःच विसरून गेली होती. सासू विसरली नव्हती.

अक्षदाचा राग होता तसाच होता, पण आता तो काढायचा कुणावर?

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेलीच. फेऱ्या मारल्या, घरी आली, काट्यावर उभी राहिली. अर्धा किलो आणखी उतरलं होतं. आनंद व्हायच्या आधी तिचा हात काखेत गेला, गाठ चाचपायला.